मला कन्नड येते का?
(मराठी माणसाने कन्नड शब्द व व्याकरण कसे शिकावे, याविषयी एक छोटासा अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला शाखा

"मला पोहता येते", "मला मराठी येते" असे आपण सहज म्हणून जातो. या वाक्याचा सरळ अर्थ पाहिला तर भाषा आपल्याकडे येते, आपण तिच्याकडे जात नाही. परंतु काही भाषा दाराशी येऊन वर्षानुवर्षे उभ्या असतात आणि आपण दार उघडत नाही. माझ्या बाबतीत ती भाषा म्हणजे कन्नड.

मी सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्यातली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील शेती करतात. आईचे माहेर जत तालुक्याच्या पूर्व भागात, संपूर्ण कन्नड बोलणाऱ्या गावात. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोडकेतोडके मराठी येत होते. घरातल्यांनी हसून हसून तिला मराठी शिकवले आणि तिचे कन्नड फक्त माहेरची माणसे आली की चुलीपुढे ऐकू येऊ लागले. आम्ही भावंडे ते ऐकत वाढलो, पण शिकलो नाही. शिकावे असे कोणी म्हटलेही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आजोळची आजी आजारी पडली. तिला मिरजेच्या एका रुग्णालयात ठेवले होते. एका रात्री आईला विश्रांती मिळावी म्हणून मी आजीजवळ थांबले. मध्यरात्री आजी काही बोलू लागली. त्यातला 'नीरु' म्हणजे पाणी एवढाच शब्द मला कळला. मी पाणी पुढे केले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "नीरु बेड." मला वाटले, आजी 'बेड' म्हणते आहे, म्हणजे खाट नीट करायची असेल. मी खाटेचे डोके वर केले, खाली केले, चादर सारखी केली. आजी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती आणि शेवटी थकून गप्प झाली. शेजारच्या रुग्णाजवळ बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं पोरी, पाणी नको म्हणत्यात त्या. थंडी वाजतीय त्यांना. घोंगडं घाल."

कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे 'नको'. ज्या आजीच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले, तिचे 'नको' मला कळले नाही. त्या रात्रीनंतर मी कन्नड शिकायला घेतले. गेल्या काही महिन्यांत जे उमगले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा पंडिताचा लेख नव्हे, विद्यार्थिनीची वही आहे. चुका असतील त्या जाणकारांनी दाखवाव्यात.

१. शेजार किती जुना?

सातारा आणि सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जतचे संस्थान तर इंग्रजी अमदानीत सातारा जहागिरींपैकीच एक मानले जाई. म्हणून साताऱ्यातील वाचकांनीही कन्नड ही कोणा परक्यांची भाषा समजू नये. जतच्या पूर्वेकडील उमदी, संख, गुड्डापूर या भागातील माणसांना सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडते. तेथे आजही जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा भरतात. गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतून माणसे येतात. २०२२ साली सीमाप्रश्न व पाणी यांच्या निमित्ताने या गावांची नावे वर्तमानपत्रांत गाजली. मात्र त्या गावांत घरोघरी दोन भाषा कशा नांदतात, हे त्या बातम्यांत फारसे आले नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने मराठी ही आर्य कुलातील व कन्नड ही द्राविड कुलातील. द्राविड भाषांचे स्वतंत्र कूळ आहे हे रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ सालच्या आपल्या व्याकरणग्रंथात सविस्तर मांडले. कूळ निराळे, पण शेजार हजार वर्षांहून जुना. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरलेला सांगितला आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ व मराठी अशा तीन भाषांतील लेख कोरलेले आहेत. ज्ञानेश्वरांनी पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटले ते तर सर्वांना ठाऊकच आहे.

याहून नवलाची गोष्ट मला आमच्या सरांनी सांगितली. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी आपल्या सांगली जिल्ह्यातील एका खेड्याचा अभ्यास करून १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्या गावाचे नाव 'कुपवार' असे दिले आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास आणि भाषा चार: कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू. घरात प्रत्येकाची आपापली भाषा, पण गावात वावरताना बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा बोलाव्या लागत. शतकानुशतके असे बोलल्यामुळे तिथल्या कन्नड, मराठी व उर्दू या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की एका भाषेतील वाक्याचा शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार होई. शब्द तेवढे निराळे, सांगाडा एकच. हा निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो, आणि ते गाव आपल्या जिल्ह्यातले आहे.

२. उच्चार व लिपी

कन्नड वर्णमाला आपल्यासारखीच: अ, आ, इ, ई, मग क, ख, ग, घ. बाराखडीला कन्नडमध्ये 'कागुणित' म्हणतात. 'ळ' आपल्याइतकाच त्यांचा लाडका. अक्षरांची वळणे मात्र गोल आहेत आणि जोडाक्षराची रीत उलटी आहे. आपण पहिले अक्षर अर्धे करून दुसरे पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये पहिले पूर्ण लिहून दुसरे त्याच्या पायाशी लहान करून लिहितात.

खरी अडचण येते ती 'ए' आणि 'ओ' यांची. मराठीत हे स्वर एकेकच आहेत. कन्नडमध्ये दोन्हींचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत आणि त्यांवरून अर्थ बदलतो. 'बेळे' यातील पहिला ए आखूड उच्चारला तर अर्थ होतो पीक, आणि लांबवला तर डाळ. 'कोडु' यातील ओ आखूड असेल तर 'दे', लांब असेल तर 'शिंग'. (आपल्या नेहमीच्या बाराखडीत ऱ्हस्व ए-ओची चिन्हे नसल्याने या लेखात साधी मात्राच वापरली आहे.) शिकणाऱ्याने हा भेद पहिल्या दिवसापासून कानाला लावून घ्यावा. मी तो लावला नाही आणि आजीला "यंदा डाळ कशी आली?" असे विचारून बसले.

दुसरी सवय म्हणजे कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो. आपले 'पुस्तक' तिथे 'पुस्तका'सारखे ऐकू येते, बसचे 'बस्सु' होते आणि कारचे 'कारु'. लहानपणी आजीच्या 'बस्सु'ला आम्ही हसत असू. तो तिच्या भाषेचा नियम होता हे आता कळते.

लिपीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी कन्नड अक्षरांचे एक अंकलिपीचे पुस्तक आणून घरी गिरवत बसले होते. आमच्या घरात आईला लिहिता-वाचता येत नाही असेच आम्ही धरून चाललो होतो. प्रगतिपुस्तकावर नेहमी वडिलांचीच सही असे. आई हात पुसत आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे असं नाही, पोटात गाठ देऊन काढायचं." मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने 'क'पासून 'ळ'पर्यंत सगळी वर्णमाला एका दमात लिहून काढली. ती चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली होती. तिला देवनागरी येत नव्हती, म्हणून आम्ही तिला निरक्षर समजत होतो. एकोणीस वर्षांत तिने ते बोलून दाखवले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

३. शब्द कसे जमवावेत?

(अ) ओळखीचे शब्द आधी. मराठी माणसाची पाटी कोरी नसते. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द दोन्हीकडे आहेत. आपले तूप तिथे 'तुप्प' आहे. अडकित्त्यातले 'अडके' हे सुपारी या अर्थाच्या 'अडिके' शब्दाची आठवण करून देते. शिवरायांच्या नाण्याला आपण होन म्हणतो. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोने. उलट बाजूने तालुका, जिल्हा, अर्ज, जमीन, कचेरी हे कागदपत्रांतले शब्द थोड्याफार फरकाने दोन्हीकडे चालतात. अशा शब्दांची वहीची दोन पाने सहज भरतात आणि धीर येतो.

(आ) 'प'चा 'ह'. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. तमिळमध्ये तो 'प' टिकून आहे. म्हणून दूध तमिळमध्ये 'पाल', कन्नडमध्ये 'हालु'. दहा 'पत्तु' आणि 'हत्तु'. फूल 'पू' आणि 'हू'. वाघ 'पुलि' आणि 'हुलि'. जुन्या 'पळ्ळि'ची म्हणजे गावाची 'हळ्ळि' झाली. हा एक नियम कळला की सीमेवरच्या कितीतरी गावांच्या नावांतील 'हळ्ळी' डोळ्यांपुढे उलगडते.

(इ) फसवे शब्द. ऐकायला मराठी, पण अर्थ भलताच, अशा शब्दांची यादी वेगळी ठेवावी. 'मने' म्हणजे घर, 'ऊरु' म्हणजे गाव, 'कालु' म्हणजे पाय, 'तले' म्हणजे डोके, 'आडु' म्हणजे शेळी. 'ऊट' म्हणजे जेवण. आजोळी आजी ताट मांडून "ऊट माड" म्हणे, म्हणजे 'जेवण कर'. आणि माझा धाकटा भाऊ 'ऊठ' असे समजून पाटावरून उठून उभा राही. आजी त्याला बसवी आणि पुन्हा तेच म्हणे. 'बेड'ची गोष्ट वर सांगितलीच आहे.

(ई) अंक. एक ते दहा असे: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. वीस म्हणजे 'इप्पत्तु', आणि एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस-एक. पन्नास 'ऐवत्तु', पंचावन्न 'ऐवत्तैदु'. म्हणजे दशक आधी आणि एकक नंतर. मराठीत मात्र एकवीस, पंचावन्न असे एकक आधी येते आणि प्रत्येक संख्या निराळी पाठ करावी लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वेळी दक्षिणेतील भाषांचा दाखला दिला गेला तो याच कारणाने.

विटीदांडू खेळताना आपण 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे मोजत आलो. तेलुगूमधील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' हे अंक शेजारी ठेवून पाहावेत. आपण न शिकताच द्राविड अंक मोजत होतो!

४. व्याकरण: सोपे कोठे, अवघड कोठे?

सोपे ते आधी सांगते. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागतात. 'मने' म्हणजे घर. 'मनेगे' घराकडे, 'मनेयल्लि' घरात, 'मनेयिंद' घरातून. काही वाक्ये तर शब्दाला शब्द ठेवून जुळतात:

ननगे नीरु बेकु: मला पाणी पाहिजे.
ननगे नीरु बेड: मला पाणी नको.
ननगे गोत्तिल्ल: मला माहीत नाही.
ऊट आयितु: जेवण झाले.
ननगे कन्नड बरुत्तदे: मला कन्नड येते.

शेवटच्या वाक्यातील 'बरुत्तदे' म्हणजे 'येते'. भाषा 'येते' असे म्हणण्याची रीत त्यांचीही आहे.

मराठीत 'नाही' आणि 'नव्हे' असे दोन नकार आहेत. "तो घरी नाही" आणि "तो माझा भाऊ नव्हे" यांत फरक आहे. कन्नडमध्ये नेमके हेच काम 'इल्ल' आणि 'अल्ल' करतात. इंग्रजी शिकताना या दोन्हींसाठी एकच 'नॉट' शिकलो होतो. इथे आपला भेद जशाचा तसा सापडला. त्याचप्रमाणे "येतो म्हणून सांगितलं" या वाक्यातील 'म्हणून'ची जागा कन्नडमध्ये 'अंत' घेते, आणि तोही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. आपण 'जेवणबिवण', 'पाणीबिणी' म्हणतो. ते 'ऊटगीट', 'नीरुगीरु' म्हणतात. आपला 'बि', त्यांचा 'गि', एवढाच फरक.

आता लिंगविचार. मराठीत पंखा पडला, खुर्ची पडली, टेबल पडले. पंखा पुरुष का आणि खुर्ची बाई का, याचे उत्तर नाही. कन्नडमध्ये पुरुष तेवढे पुल्लिंगी, स्त्रिया तेवढ्या स्त्रीलिंगी, बाकी सगळे नपुंसकलिंगी. तिन्ही पडल्या तरी क्रियापद एकच, 'बित्तु'. आला 'बंदनु', आली 'बंदळु', आणि कुत्रा असो की बस असो, 'बंतु'. कन्नड माणसाला मराठी शिकताना किती त्रास होत असेल हे मला इथे उमगले.

याहून महत्त्वाचे म्हणजे 'मी'च्या क्रियापदात कन्नडमध्ये स्त्री-पुरुष भेद नाही. जाताना मुलगा आणि मुलगी दोघेही 'नानु होगुत्तेने' म्हणतात. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे मुलीही "मी जातो", "मी येतो" म्हणतात. साताऱ्याला वसतिगृहात आले तेव्हा माझ्या "मी येतो"ला खोलीतल्या मुली हसल्या होत्या. मी ते बोलणे महिनाभरात सोडले. हे बोलणे कन्नडच्या शेजारामुळे आले असावे असे बरेच जण मानतात. तसे असेल तर ज्याला मी माझे गावंढळपण समजत होते, तो एका शेजारभाषेचा ठसा आहे.

अवघड भाग भूतकाळाचा. मराठीत "त्याने भाकरी खाल्ली", इथे क्रियापद भाकरीप्रमाणे बदलते. कन्नडमध्ये "अवनु रोट्टि तिंदनु", इथे क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणेच चालते. आई सुरुवातीला "मी भाकरी केलो" म्हणे आणि घर हसे. ती चूक करत नव्हती, आपल्या भाषेचा नियम पाळत होती. आता उलट मी कन्नड बोलताना कर्त्याला 'ने' लावू पाहते आणि आई हसते. फिट्टंफाट झाली.

आणखी एक अडचण म्हणजे संधी. 'मळे' म्हणजे पाऊस, 'काल' म्हणजे काळ. पण पावसाळा म्हणजे 'मळेगाल'. जोडशब्दात 'क'चा 'ग', 'त'चा 'द', 'प'चा 'ब' होतो. कोशात 'गाल' शोधत बसले तर अर्थ लागत नाही, 'काल' शोधावे लागते.

गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच नियम आहे. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स देशाची वेल्श भाषा इंग्रजी माणूस शिकू लागला की त्याची पहिली अडचण हीच असते. पूल म्हणजे 'पोंट', पण 'तो पूल' म्हणताना 'अ बोंट' होते. शब्दाच्या आरंभीचे अक्षरच बदलते. तिथे क्रियापद वाक्याच्या आरंभी येते, आणि "माझ्याजवळ पुस्तक आहे" हे वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीसारखे, 'पुस्तक माझ्याबरोबर आहे' असे बांधतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे १८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. ज्यांच्या आजी-आजोबांनी ती भाषा मुलांना दिली नाही, अशी कितीतरी प्रौढ माणसे आज संध्याकाळच्या वर्गांत बसून तिचे शब्द घोकतात. हे वाचले तेव्हा मला त्यांचा अभ्यास परका वाटला नाही.

५. अभ्यासाची रीत

माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवते.

पहिली, शब्द सुटा पाठ करू नये, वाक्यात पाठ करावा. 'बेड' एकटा लक्षात राहत नाही. 'नीरु बेड' मरेपर्यंत लक्षात राहील.

दुसरी, पुस्तकाची भाषा व गावची भाषा यांच्यासाठी वहीत दोन रकाने करावेत. पुस्तकात 'ऊट आयितु' आहे, उत्तर कर्नाटकाच्या व आमच्या आजोळच्या बोलीत 'ऊट आतु'. पुस्तकात 'ती' म्हणजे 'अवळु', आजीच्या तोंडी 'अकि'. आदराने बोलायचे तर तिकडे शेवटी 'री' लागतो: 'बर्री' म्हणजे 'या हो'. दोन्ही रूपे खरी. कोणते कोठे वापरावे एवढे कळले पाहिजे.

तिसरी, कोश आणि माणूस दोन्ही हवेत. फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली प्रसिद्ध झाला, तो आजही वापरतात. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व १८१७ साली कन्नडचे व्याकरण छापले. परदेशातून आलेल्या माणसांनी या दोन्ही भाषा शिकून ग्रंथ लिहिले, तर आपल्याला शेजारच्या घरात जाण्याचा आळस का असावा? पण कोश उच्चार सांगत नाही आणि चुकल्यावर हसतही नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

चौथी, चुकायला लाजू नये. जी माणसे मराठी बोलताना चुकली त्यांना आपण हसलो. आता आपली पाळी आहे असे समजून बोलावे.

६. दोन्ही अंगणांत वावरलेली माणसे

हा मार्ग नवा नाही. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. अनेक वर्षे त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवले. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांवर जसे लिहिले, तसेच कन्नड संतवाङ्मयावरही लिहिले. त्यांच्या गुरुपरंपरेतील भाऊसाहेब महाराज हे जत तालुक्यातील उमदीचे. आपल्या सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात कन्नड कवी वि. कृ. गोकाक प्राचार्य होते आणि र. श्री. मुगळी यांच्यासारखे कन्नडचे विद्वान शिकवीत. विश्वनाथ खैरे यांचे 'द्रविड महाराष्ट्र' (१९७७) आणि रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' (१९८४) हे ग्रंथ वाचले तर हा शेजार किती खोल गेला आहे याची कल्पना येते. सीमा कोठून जावी याचा निकाल न्यायालय देईल. त्यासाठी शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे थांबायचे कारण नाही.

समारोप

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेले. आजी आता बरी आहे, अंगणात काठी घेऊन बसते. मी तयारी करून गेले होते. जवळ जाऊन विचारले, "अज्जि, ऊट आयिता?" आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग आईला हाक मारून कन्नडमध्ये म्हणाली, "ही बघ, शाळेच्या मास्तरासारखी बोलते." आणि मला म्हणाली, "ऊट आतेन, असं म्हणायचं." मी तसे म्हटले. मग तिने उत्तर दिले, की झाले जेवण, तुझे झाले का? पुढे ती बराच वेळ बोलत होती. त्यातले निम्मे कळले. उरलेल्या निम्म्यासाठी आई शेजारी बसली होती. परत येताना गाडीत आई म्हणाली, "तुमच्या घरात इतकी वर्षं झाली, मला कुणी माझा एक शब्द विचारला नव्हता." आणखी काही बोलली नाही.

यंदा वसतिगृहाच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. मी तो वडिलांऐवजी आईपुढे ठेवला. तिने सावकाश, गोल अक्षरांत, कन्नडमध्ये सही केली. अर्ज मंजूर झाला.

आपल्या वर्गात, वसतिगृहात, गल्लीत अशी घरे पुष्कळ असतील, जिथे कोणाची आई वा आजी आपली भाषा चुलीपुढे ठेवून आली आहे. कोणाची कन्नड असेल, कोणाची तेलुगू, कोणाची गोरमाटी. मित्रमैत्रिणींनो, परीक्षेला ती नसते, हे खरे. पण या सुट्टीत घरी गेल्यावर तिच्यातले दहा शब्द विचारून वहीत लिहून आणावेत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.

मला कन्नड येते का? अजून नाही. येऊ लागली आहे.